वसईचा दुभाष्या

कॅथलिक पंचांगात ६ फेब्रुवारीपुढे ‘संत पॉल मिकी आणि सहकारी’ एवढीच नोंद असते. हे सहकारी पंचवीस. त्यांतले एक आपल्या वसईचे, संत गोन्सालो गार्सिया. या सव्वीस जणांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रूसावर चढवून भाल्यांनी मारले. संताचा सण बहुधा मृत्युदिनी येतो. पण ५ तारीख संत अगाथेची, म्हणून यांचा सण दुसऱ्या दिवशी.

गोन्सालोंचा जन्म १५५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकून ते कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा अस्खलित बोलू लागले. जेझुइट व्हायची त्यांना आस होती, पण संघाने घेतले नाही. मग ते व्यापारात पडले, त्यात जम बसवला, आणि तोही सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. तिथे ते ब्रदर होते. धर्मगुरू कधीच झाले नाहीत.

१५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून पेद्रो बाउतिस्ता हिदेयोशीच्या भेटीला गेले, तेव्हा त्यांचे दुभाषे होते गोन्सालो. हिदेयोशी म्हणजे जपानचा सर्वेसर्वा. पाद्र्यांनी देश सोडावा, असा हुकूम त्याने १५८७मध्येच काढलेला. अशा माणसासमोर एक शब्द चुकला तरी सगळ्यांच्याच जिवावर बेतले असते. त्या भेटीनंतर फ्रान्सिस्कनांना क्योटोत राहू दिले गेले. याचे श्रेय इतिहासाने वकिलाला दिले. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा वसईच्या या ब्रदरचा आहे.

१५९६च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने माल जप्त केला. पाद्र्यांमागून स्पेनचे सैन्य येते, हा संशय बळावला आणि डिसेंबरात धरपकड झाली. क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गावोगाव धिंड काढली आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेले. नागासाकीत ख्रिस्ती वस्ती मोठी होती; जरब तिथेच बसवायची होती. त्या सव्वीस जणांत बारा वर्षांचा लुईस इबाराकीही होता.

१६२७मध्ये त्यांना धन्यवादित, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. तोवर चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्याला सव्वाशे वर्षे होत आली होती. पोर्तुगीज गेले, इथले ख्रिस्ती मात्र इथेच राहिले. किल्ल्यातले जेझुइटांचे जुने चर्च आज गोन्सालोंच्या नावाने ओळखले जाते. १९९८मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचे आश्रयदाते संतही तेच.

केरळच्या अल्फोन्सा २००८मध्ये संत झाल्या, तेव्हा त्यांचा उल्लेख काही ठिकाणी भारताच्या पहिल्या संत असा झाला. पहिल्या भारतीय स्त्री-संत हा मान त्यांचाच. पण वसईत जन्मलेल्या, वसईच्या आईच्या मुलाला त्याआधी १४६ वर्षे संतपद मिळालेले होते, आणि वडील पोर्तुगीज होते म्हणून त्याला भारतीयांच्या यादीतून वगळणे मला मान्य नाही.