संकष्टीची ओहोटी

अलिबागला मी आजवर तीनदा गेले, पण कुलाबा किल्ला आतून एकदाही पाहिलेला नाही. खरं वाटत नाही ना? पण प्रत्येक वेळी पिशव्यांपाशी कोणीतरी थांबायला हवं असतं, आणि ते ‘कोणीतरी’ कोण, हे मैत्रिणींनो तुम्हाला वेगळं सांगायला नको. मागच्या खेपेला मंडळी किल्ल्यात रमली, भरती लागली आणि सगळे कमरेइतक्या पाण्यातून परत आले. घरी आल्यावर ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट झाली. मला मात्र रात्रभर ते चढणारं पाणी दिसत होतं.

म्हणूनच पर्वती पायथ्याच्या आमच्या बचत गटात यंदा दोन दिवसांच्या सहलीचा विषय निघाला, तेव्हा मी अलिबाग म्हटलं. अकरा जणी तयार झाल्या. त्यातल्या पोळ्यांची कामं करणाऱ्या ताई म्हणाल्या, “समुद्र बघितलाय मी. बसच्या खिडकीतून!” सगळ्या हसल्या, पण त्यानंतर अलिबागऐवजी दुसरं नाव कोणी घेतलं नाही.

प्रश्न होता तारखेचा. कुलाबा किल्ला भर समुद्रात. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जायचं, भरतीला होडी. रविवार बघून निघालं आणि ओहोटी भलत्याच वेळी असली तर? मी भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसले, तशा सासूबाई म्हणाल्या, “वार काय बघतेस? तिथी बघ.” त्यांचं माहेर रेवदंड्याचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोकणातला साधा हिशेब. शाळेत पाऊणकी पाठ केलेली, त्यामुळे ऐंशीव्या वर्षीही आकडा तोंडावर.

हिशेबामागचं कारणही सोपं आहे. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तितकीच पुढे सरकते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी, सकाळी नवाला, ओहोटी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण तेव्हा भांगाची भरती-ओहोटी, पाणी पुरतं मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप आत जातं, पण ओहोटी पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. आमच्यासाठी चतुर्थीच बरी. आठला निघायचं आणि साडेदहाच्या आत किनाऱ्यावर परत. अर्थात हा अंदाज झाला. तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, आणि पावसाळ्यात तर नावच काढायचं नाही.

“संकष्टीला? उपास आहे माझा!” एकीने लगेच सांगितलं. पण किल्ल्यात रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. संकष्टीला सकाळी गणपतीचं दर्शन, वर वार मधला असला तर गर्दीही कमी. साबुदाण्याची खिचडी डब्यात नेऊ. आक्षेप मिटला!

पाहण्यासारखं काय, तेही वाचून ठेवलंय. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजीराजांनी काम पुरं केलं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथून वावरलं, इंग्रज-पोर्तुगीजांना त्यांचा धाक होता. कान्होजी 1729 मध्ये वारले, त्यांची समाधी गावातच आहे, ती पहिल्या दिवशी संध्याकाळी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर! ती मला आधी पाहायची आहे. थळजवळचा खांदेरी 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तिथे होडीशिवाय जाता येत नाही, म्हणून तो पुढच्या वर्षी.

खर्चाचं म्हणाल तर एसटी जिंदाबाद. खोपोली-पेणमार्गे चार-साडेचार तास. मार्च 2023 पासून बायकांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ते 2022 पासूनच माफ. उरलेल्या पैशांत येताना पांढऱ्या कांद्याची एकेक माळ.

खरी अडचण होती पोळ्यांच्या ताईंची. दोन दिवस कामं बुडाली तर पैसे कापले जाणार. गटातल्या दोघींना यायला जमत नाही, त्यांनी ती घरं वाटून घेतली. पैसे ताईंनाच मिळतील, हेही भर बैठकीत ठरलं. बाकीच्यांच्या घरचा स्वयंपाक? तो घरचे बघतील. आधी सांगून ठेवलं की जमतं सगळ्यांना!

सासूबाई हळूच म्हणाल्या, “मीही येते. किल्ल्यात नाही चढणार. पिशव्या सांभाळीन.”

“पिशव्या खोलीवर राहतील,” मी म्हटलं. “तुम्ही घोडागाडीत बसायचं आणि देवळापर्यंत यायचं.”

कॅलेंडरवर एरवी दुधाचे खाडे आणि गॅसच्या तारखा असतात. संकष्टीच्या चौकोनात आता लिहिलंय, ‘ओहोटी ९’. अक्षर सासूबाईंचं आहे.