माळावरील पांढरे फुलपाखरू : ओळख व अधिवास

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवले, नांदगाव व सिन्नर या तालुक्यांत पर्जन्यमान बेताचे असते. तेथे गवताळ माळ व काटेरी झुडुपे अधिक आढळतात. येवले तालुक्यातील ममदापूरचा माळ काळविटांसाठी प्रसिद्ध आहे. अशा उघड्या रानात जमिनीलगत वेगाने उडणारे एक पांढरे फुलपाखरू दृष्टीस पडते. त्यास इंग्रजीत 'पायोनियर' म्हणतात. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९३ साली त्याचे वर्णन केले. 'बेलेनॉइस ऑरोटा' हे त्याचे शास्त्रीय नाव होय.

हे फुलपाखरू कोबीच्या मळ्यावरून उडताना दिसल्यास पिकावरील अळ्या त्याचीच संतती असाव्यात, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि, या समजुतीने फवारणी केल्यास औषध व मजुरी व्यर्थ जाते आणि खरी कीड तशीच राहते.

ओळख : पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे ४ ते ५.५ सेंटिमीटर असते. पंख पांढरे असून काळ्या किनारीत पांढरे ठिपके असतात. पुढील पंखावर एक ठळक, वळलेली काळी खूण असते. बसल्यावर मागील पंखाच्या खालच्या बाजूच्या शिरा काळ्या रेघांनी आखल्यासारख्या दिसतात. उत्तर भारतात कोबीचे नुकसान करणाऱ्या पांढऱ्या फुलपाखराच्या पंखाखाली अशा काळ्या रेघा नसतात.

अधिवास : मादी वाघाटी, नेपती व त्यांच्या कुळातील झुडुपांच्या पानांवर पुंजक्याने अंडी घालते. अळ्या तीच पाने खाऊन वाढतात. आषाढी द्वादशीस जिच्या फळांची भाजी करतात, तीच ही वाघाटी. मळ्यात हे फुलपाखरू बहुधा फुलांतील रसासाठी किंवा जाता-येता उतरते.

खरा शत्रू : कोबीची पाने चाळणीसारखी झाली असल्यास चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा शोध घ्यावा. हा करड्या रंगाचा लहानसा पतंग असतो. त्याची हिरवी अळी दोन्ही टोकांस निमुळती असते आणि स्पर्श होताच वळवळून धाग्याने खाली लोंबते. प्रतिबंधासाठी कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी पेराव्यात. पतंग मोहरीकडे आकृष्ट होतो. अळ्या लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.

ग्रामसेवकांनी फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी पान उलटून अळी स्वतः पाहावी. शेतकरी बंधूंनीही फुलपाखराच्या भयाने बांधावरील वाघाटी तोडू नये. तिच्यावरील अळ्यांपासून कोबीस धोका नाही, आणि वाघाटी राहिली तर आषाढातील भाजीही घरचीच मिळेल.