रॉकेट तुटतं कुठे, चुकतं कुठे

किलोमीटरभर वर जाऊन आलेलं मॉडेल रॉकेट मैदानात सापडतं, पण त्याची नळी वरच्या काठापासून वीतभर उभी फाटलेली असते. अशा वेळी करणाऱ्याचा हात आपोआप इपॉक्सी आणि ग्लास फायबरच्या कापडाकडे जातो. फाटका भाग कापायचा, आतून जोडनळी बसवायची, बाहेरून दोन थर जास्तीचे चढवायचे आणि ‘आता बघू कसं फाटतं’ म्हणायचं. या घाईत बहुतेक वेळा चुकीच्या जागेची दुरुस्ती होते, असं माझं म्हणणं आहे. रॉकेट जिथे तुटतं तिथे फक्त परिणाम दिसतो. कारण पुष्कळदा दुसऱ्याच भागात किंवा नुसत्या वेळेच्या हिशेबात असतं. आणि ते न शोधता चढवलेली मजबुती रॉकेटला जड करते, कधीकधी आधीपेक्षा धोकादायकही. इथे दिवाळीतल्या बाणाचा विषय नाही. अमेरिकेतल्या छंदी मंडळींच्या नियमांप्रमाणे मोटरचा एकूण आवेग १६० न्यूटन-सेकंदांच्या वर गेला, किंवा रॉकेटचं वजन दीड किलोच्या वर गेलं, की ते ‘हाय पॉवर’ ठरतं. असं रॉकेट माणसाच्या उंचीचं असू शकतं आणि चुकलं तर माणसाचा जीवही घेऊ शकतं.

आधी ती उभी फाट घ्या. मोटर दोन-तीन सेकंद जळते, मग रॉकेट स्वतःच्या वेगावर वर चढत राहतं. दरम्यान मोटरच्या वरच्या टोकाचा विलंबाचा मसाला सावकाश जळतो आणि शेवटी काळ्या दारूची छोटी पुडी उडून पॅराशूट बाहेर फेकते. हे सगळं शिखरबिंदूवर व्हावं, कारण तिथे रॉकेट जवळजवळ थांबलेलं असतं. समजा विलंब तीन सेकंदांनी चुकला, आधी किंवा नंतर. गुरुत्वाकर्षणाच्या साध्या हिशेबाने त्या क्षणी वेग सेकंदाला सुमारे २९ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो. पॅराशूट मात्र रॉकेटला सेकंदाला सहा मीटरने खाली आणण्यासाठी निवडलेलं असतं. हवेचा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे नेहमीच्या वेगाच्या पाचपट वेगात उघडलेलं पॅराशूट वजनाच्या वीस-पंचवीस पट खेचू पाहतं. चार किलोच्या रॉकेटसाठी हा ढोबळमानाने शंभर किलोच्या पोत्याचा झटका झाला. तो एका बारीक दोरीतून नळीच्या काठावर येतो आणि दोरी काठ चिरत खाली जाते. नळी इथे निर्दोष आहे. काठावर फायबरचा थर दिला तर पुढच्या वेळी दोरी तुटेल, किंवा पॅराशूटच्या शिवणी उसवतील, किंवा दोरी अडकवलेला आतला आयबोल्ट उपटून येईल. त्यापेक्षा फाटलेली नळी वाईट का, असा प्रश्न पडतो, कारण दोरी तुटलेलं रॉकेट सरळ खाली येतं. खरी सुधारणा आहे ती विलंब नीट निवडण्यात, दोरी लांब आणि थोडी ताणणाऱ्या नायलॉनची घेण्यात, आणि काठावर तिचा दाब पसरेल अशी सोय करण्यात.

दुसरं उदाहरण शेपटाचं आहे, आणि इथे तर मजबुतीच उलटते. रॉकेट सरळ उडावं यासाठी त्याचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, निदान एका नळीच्या व्यासाएवढा असावा लागतो. या दाबमध्याची गणिती रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात मांडली आणि आजही छंदी लोक तीच वापरतात. आता चार किलोचं, दहा सेंटिमीटर व्यासाचं रॉकेट घेऊ. गुरुत्वमध्य टोकापासून १४० सेंटिमीटरवर, दाबमध्य १५२ वर, म्हणजे १.२ व्यासांची सुरक्षित फट. जमिनीवर आपटून पंख सैल झाले म्हणून शेपटाकडे, १९० सेंटिमीटरच्या आसपास, इपॉक्सी आणि फायबरचा मिळून दोनशे ग्रॅमचा लेप दिला. गुरुत्वमध्य १४२.४ वर सरकतो आणि फट ०.९६ व्यासांवर येते. दिसायला आकडा किरकोळ आहे, पण रॉकेट मर्यादेच्या आत होतं ते बाहेर गेलं. भरपाई म्हणून टोकात सत्तर-ऐंशी ग्रॅम शिसं घालावं लागेल. त्याने पुन्हा वजन वाढतं, उड्डाणाच्या रेलवरून सुटतानाचा वेग कमी होतो, उतरण्याचा वेग वाढतो, आणि ज्या आपटण्याने पंख सैल झाले तेच आपटणं आणखी जोरात होतं. मोठं पॅराशूट शिवणं हे शेपटाला लेप देण्यापेक्षा हलकं आणि स्वस्त काम होतं.

ही गोष्ट छंदाच्या पातळीपुरती नाही. आपल्या एसएलव्ही-३ या उपग्रहवाहक रॉकेटचं पहिलं उड्डाण १० ऑगस्ट १९७९ रोजी फसलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या एका झडपेतून नायट्रिक आम्ल गळून गेलं होतं. रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं, पण त्याच्या सांगाड्यात दोष नव्हता आणि कोणी तो जाडही केला नाही. झडप सुधारली, आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच घडणीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. पुढे एएसएलव्ही या नव्या रॉकेटची दोन उड्डाणं, मार्च १९८७ आणि जुलै १९८८ मध्ये, लागोपाठ फसली. दुसऱ्या अपयशात रॉकेट हवेत मोडलं. वरवर पाहणाऱ्याने ‘सांगाडा कमकुवत’ असाच निकाल दिला असता. पण बाजूची रॉकेटं जळून संपणं आणि मधली मोटर पेटणं यांच्यात नियंत्रण निसटतं, हे अभ्यासातून निघालं. म्हणून तिसऱ्या उड्डाणात बाजूच्या मोटरांचा जोर खरोखर संपल्याचं ओळखून मधली मोटर पेटवायची व्यवस्था आली आणि स्थिरतेसाठी पंखही जोडले गेले. २० मे १९९२ ला ते यशस्वी झालं.

‘इस्रोकडे उड्डाणाच्या मोजमापांचा साठा असतो, घरच्या माणसाकडे फाटकी नळीच असते,’ हा आक्षेप रास्त आहे. पण फाटकी नळीही बरंच सांगते. फाट वरच्या काठापासून सुरू झाली असेल तर दोष वेळेत. पंखांच्या मुळाशी आडव्या भेगा असतील तर उतरण्यात. पंख हवेतच गायब झाले असतील तर बहुधा ते पातळ होते आणि वेगात थरथरून तुटले. म्हणून दुरुस्तीआधी फोटो काढावेत, तुकडे जपावेत, आणि सँडपेपर सगळ्यात शेवटी हातात घ्यावा. उलट बाजूही मान्य करायला हवी. सगळं ठरल्याप्रमाणे घडून रॉकेट एखाद्या दगडावरच टेकलं आणि एक पंख मोडला, तर मागे खोल कारण शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे. तसाच, तेवढ्याच जाडीचा पंख बसवावा आणि मोकळं व्हावं. थरथरीने तुटलेल्या पंखाच्या बाबतीत मात्र मजबुती हाच उपाय, कारण तिथे कमकुवतपणा हेच कारण असतं.

मुंबईतल्या वांद्र्यात राहणाऱ्या छंदी माणसाला हा विचार जास्तच लागू पडतो. सांताक्रूझचा विमानतळ इतका जवळ आहे की वांद्रे-कुर्ला संकुलातल्या इमारतींची उंचीसुद्धा विमानांच्या हिशेबाने ठरते; तिथे रेक्लमेशनच्या मैदानावर रॉकेट उडवण्याचा विचारही नको. शिवाय काळी दारू आणि मोटरचं इंधन १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली आणि २००८ च्या नियमांखाली येतं, आणि त्या परवानग्या पाहणाऱ्या संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांचा रॉकेट संघ आहे, पण उड्डाणासाठी मुंबईबाहेरच जावं लागतं. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या इन-स्पेस संस्थेने विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा घेतली तीही उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात. ज्यांना दर रविवारी मोकळं मैदान मिळतं ते ‘करून बघू’ म्हणू शकतात. इथे दोन उड्डाणांच्या मध्ये महिने जातात, आणि सगळी कारागिरी गॅलरीतल्या टेबलावरच होते. त्यात पावसाळा. दमट हवेत इपॉक्सी वाळताना तिच्यावर मेणचट पापुद्रा येतो. तो साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय वर दिलेला थर चिकटल्यासारखा दिसतो आणि उड्डाणात सुटतो. पुठ्ठ्याची नळीही ओलावा धरते आणि फुगते, मग जोड घट्ट बसतो आणि पॅराशूट बाहेरच येत नाही. जुलैत केलेली दुरुस्ती डिसेंबरात कोरड्या माळावर पुन्हा तपासलीच पाहिजे, कारण तोवर तोच जोड सैल झालेला असतो.

एवढा खटाटोप कशाला, नवीनच बांधावं, असंही कोणी म्हणेल. पुष्कळदा ते बरोबर असतं, विशेषतः नळी लांबीभर वाकली असेल तर. मोटरच्या धातूच्या नळकांड्याबाबत तर वादच नाही: पोचा आलेलं किंवा तडा गेलेलं नळकांडं दुरुस्त करायचं नसतं, टाकून द्यायचं असतं, कारण आतल्या दाबाला डागडुजी कळत नाही. पण कारण न शोधता बांधलेलं नवीन रॉकेट जुनीच चूक नव्या रंगात घेऊन उडतं. म्हणून सुधारणेला एकच गोष्ट परवडणार असेल तर ती फायबर किंवा जाड प्लायवूड नसावी. हवेच्या दाबावर चालणारा छोटा उंचीमापक असावा. तो काही ग्रॅमांचा असतो, शिखर नेमकं कधी आलं आणि पॅराशूट कधी उघडलं हे नोंदवतो, आणि नीट जोडला तर विलंबाच्या मसाल्यावर अवलंबून न राहता पॅराशूट उघडण्याचं कामही करतो. त्याच्या खोलीला बाहेरची हवा मिळावी म्हणून नळीला बारीक छिद्रं ठेवावी लागतात. दुरुस्ती संपल्यावर हौसेने फिरवलेल्या रंगाच्या शेवटच्या हाताखाली नेमकी तीच छिद्रं बुजतात, तेव्हा मैदानावर निघण्याआधी ती टाचणीने मोकळी करून घ्यावीत.