ऐकून तर बघा, रुबिन्स्टाइनचा पियानो!

पियानो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? जुन्या हिंदी चित्रपटातली मेजवानी, सुटाबुटातला नायक आणि कोपऱ्यात डोळे टिपणारी नायिका! आपली ओळख तेवढीच. बाळापुरात एखाद्या घरी पेटी निघेल, पियानो कुठून निघणार? पण मैत्रिणींनो, आता रेकॉर्डसाठी मुंबई गाठावी लागत नाही. मोबाईलवर नाव शोधलं की जगातला थोर वादक आपल्या घरात हजर! मग एकदा ऐकायला काय हरकत आहे?

सुरुवात आर्थर रुबिन्स्टाइन यांच्यापासून करा. १८८७ साली पोलंडमध्ये जन्मलेले हे वादक. शोपँ, शुमान, ब्राम्स अशा एकोणिसाव्या शतकातल्या रचनाकारांचे ‘कन्चेर्टो’ त्यांनी आयुष्यभर वाजवले. कन्चेर्टो म्हणजे एकीकडे मोठा वाद्यवृंद, दुसरीकडे एकटा पियानो आणि दोघांचा संवाद. कधी कडाक्याचा वाद, कधी हळुवार समजूत. घरातल्यासारखंच की!

पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो. पियानोचं तसं नाही. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर पडते आणि सूर उमटताक्षणी विरू लागतो. अशा विरणाऱ्या सुरांतून सलग गाणं उभं करायचं, ही खरी कसोटी. रुबिन्स्टाइन यांचा पियानो गातो म्हणतात, तो यासाठी.

पंचेचाळिशीनंतरचा रियाज

लहानपणापासून अंगात कला होती, नाव होतं. पण रियाजाचा कंटाळा. सूर सुटले तरी ते ऐटीत वेळ मारून नेत. १९३२ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचं लग्न झालं. मूल झालं आणि मनाला टोचणी लागली. आपले वडील थोर वादक होऊ शकले असते, पण झाले नाहीत, असं उद्या मुलांना ऐकावं लागलं तर? १९३४ साली फ्रान्समधल्या एका डोंगराळ गावी जाऊन ते पुन्हा पहिल्यापासून रियाजाला बसले.

तुम्ही म्हणाल, “पुरुषाला बरं जमतं हो! पोरंबाळं कोण सांभाळणार?” खरंच आहे. त्यांचं घर नेलाबाईंनी सांभाळलं, हे विसरून चालणार नाही. तरीही ‘आता काय, लग्न झालं, वय झालं’ म्हणून ज्यांनी पेटी माळ्यावर टाकली आहे, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मुंबईकराची साथ

त्यांच्या रेकॉर्डींतली एक मुद्दाम ऐकावी अशी आहे: ब्राम्सचा पहिला कन्चेर्टो, ध्वनिमुद्रण १९७६. रुबिन्स्टाइन यांचं वय ८९. नजर इतकी अधू की समोरचं नीट दिसत नव्हतं. समोर इस्रायल फिलहार्मोनिक वाद्यवृंद, आणि संचालनाला आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता, वय चाळीसच्या आसपास. वडिलकीचा मान राखून, पण हात सैल न सोडता त्यांनी साथ केली आहे. हाच कन्चेर्टो रुबिन्स्टाइन यांनी १९५४ साली शिकागोच्या वाद्यवृंदाबरोबर मुद्रित केला होता. दोन्ही ऐकून पाहा. पहिल्यात बोटांचा वेग सुखावतो. दुसऱ्यात एकेका सुराला घाई नाही.

सुरांतली बाई

या कन्चेर्टोच्या मधल्या संथ भागाविषयी तरुण ब्राम्सने क्लारा शुमान यांना लिहिलं होतं की, मी त्यात तुमचं चित्र रेखाटतो आहे. कोण या क्लाराबाई? स्वतः नामांकित पियानोवादक आणि आठ मुलांची आई. १८५४ साली आठवं मूल पोटात असताना पती, रचनाकार रॉबर्ट शुमान, मनोरुग्णालयात गेले. पुढे मैफली करून त्यांनी संसार ओढला. १८५९ साली लाइप्झिगच्या श्रोत्यांनी ज्या कन्चेर्टोची हुर्यो उडवली होती, तो नंतर क्लाराबाईंनी स्वतः वाजवून दाखवला. हे मनात ठेवून तो संथ भाग ऐका. त्यात दुःख आहे, पण रडगाणं नाही.

ऐकावं कसं?

• सगळा कन्चेर्टो पाऊण तासाहून मोठा आहे. एका बैठकीत नको. तीन भाग तीन दिवशी ऐका.

• पहिल्या भागात सुरुवातीला नगारे आणि वाद्यवृंद गडगडतात. पियानो काही मिनिटं गप्पच असतो. कंटाळून बंद करू नका. तो येतो तेव्हा ओरडत येत नाही, ही गंमत पाहा.

• संथ भाग फार हळू आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात भर दुपारी ऐकाल, तर कूलरच्या घरघरीत तो बुडून जाईल. पहाटे, किंवा रात्रीची भांडी आवरल्यावर ऐका.

• ऐकताना भाजी निवडा, वाती वळा. मिक्सर मात्र नको!

• राग कोणता, ताल कोणता, हे शोधत बसू नका. पियानो कधी बोलतो, कधी ऐकतो, एवढंच बघा.

मुलं विचारतील, “आई, हे काय लावलंस?” त्यांनाही जवळ बसवा. आणि तिसऱ्या दिवशी तिसरा भाग संपला, की माळ्यावरची पेटी खाली काढून तिच्यावरची धूळ पुसायला विसरू नका, बरं का!