‘फिरणे’: रहाटापासून डोक्यापर्यंत

विजेचे पंप येण्यापूर्वी वसईच्या केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या विहिरीवरच्या रहाटाने शिंपल्या जात. जुंपलेले जनावर गोल फिरे, आडवे चक्र उभ्या चक्राला फिरवी आणि गाडग्यांची माळ पाणी घेऊन वर येई. ‘फिरणे’चा अर्थ इथे डोळ्यांना दिसतो: आसाभोवती गोल जाणे. रहाट फिरतो, जनावर तो फिरवते. एका ‘व’ने कर्ता बदलतो.

रोजच्या बोलण्यात मात्र हे वर्तुळ सुटते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेलेला माणूस सरळच चालतो. घर फिरले की वासेही फिरतात, तिथे तर जागचे कोणीच हलत नाही. फिरते ते नशीब आणि माणसे.

सर्वांत देखणा फरक डोक्याचा. डोके फिरले तर राग, गरगरले तर चक्कर.