चौघांचा शेवटचा सूर

पीट सीगर, ली हेज, रॉनी गिल्बर्ट, फ्रेड हेलरमन. न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली जमलेला हा गट म्हणजे ‘द वीव्हर्स’. १९५० मध्ये त्यांचं ‘गुडनाइट आयरीन’ अमेरिकेत १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. (ज्याच्याकडून हे गाणं मिळालं तो लेडबेली मात्र काही महिने आधीच गेला होता.) पुढे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून गट काळ्या यादीत गेला, कार्यक्रम रद्द झाले आणि १९५२ मध्ये गाणं थांबलं. १९५५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कार्नेगी हॉलमध्ये ते पुन्हा उभे राहिले. सीगर १९५८ मध्ये बाहेर पडला, १९६४ मध्ये गटच संपला.

खरी गोष्ट १९८० ची. मधुमेहामुळे हेजचे दोन्ही पाय कापलेले. त्याने जुन्या सोबत्यांना क्रोटन गावातल्या आपल्या घरी बोलावलं आणि गप्पांतून गाणं सुरू झालं. लांबलचक दौरा नाही. २८ आणि २९ नोव्हेंबर, कार्नेगी हॉल, बस्स. चाकांच्या खुर्चीतला हेज खर्जात गायला, वर मधूनमधून विनोदही केले. गळे थकले होते, पण जुळणी शाबूत होती. जिम ब्राऊनच्या माहितीपटात हे सारं पाहायला मिळतं. तो शोधून पाहाच.

जून १९८१ मध्ये हडसनकाठच्या क्लियरवॉटर महोत्सवात चौघे अखेरचे एकत्र गायले. २६ ऑगस्टला हेज गेला. त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा बागेतल्या खताच्या ढिगात मिसळली.