दोन बोटं खाली

मोटारीचा आराखडा कागदावर उतरायला लागतो, तेव्हा अगदी सुरुवातीला जे ठिपके मांडले जातात त्यातला एक असतो माणसाचा खुबा. मांडी आणि धड जिथे जोडलं जातं तो सांधा. अभियंते त्याला ‘एच-पॉइंट’ म्हणतात. छप्पर किती उंच ठेवायचं, स्टिअरिंग कुठे आणायचं, पेडल किती पुढे, काच किती तिरपी, पट्टा कुठून काढायचा, या सगळ्याची मोजमापं त्या ठिपक्याशी बांधलेली असतात. तो नेमका सापडावा म्हणून पाठ, मांड्या आणि पाय असलेला, पाऊणशे किलोच्या आसपास वजनाचा एक पुतळा सीटवर बसवतात. वजन लागतंच, कारण फोम दबल्याशिवाय माणूस खरोखर कुठे टेकणार हे कळत नाही.

हा ठिपका फक्त दोन बोटं खाली सरकवायचा म्हटला तर काय काय हलतं? बुटक्या छपराच्या स्पोर्ट्स कारमध्ये उंच माणूस बसतो तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहतो. डोकं छताला टेकतं, डोळे काचेच्या वरच्या कडेशी येतात, मान वाकवून गाडी चालवावी लागते. उपाय ऐकायला सोपा आहे: सीट खाली घ्या. पण त्या दोन बोटांत केवढं शास्त्र भरलंय, ते पाहिलं की मी थक्क होतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या मुलचेऱ्याच्या रस्त्यांना अशी गाडी मानवणार नाही. पहिल्याच रपट्यावर तिचं पोट घासेल. इथे धावतात त्या एसटी, ट्रॅक्टर, बोलेरो आणि मालाचे ट्रक, आणि या सगळ्यांत चालक उंचावर बसतो. आलापल्लीच्या वाटेने रात्री गाडी काढणाऱ्याला या उंचीची किंमत पुरेपूर ठाऊक असते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा, रस्त्यात बसलेली गुरं, झाडीतून अचानक उडी घेणारं चितळ. जितकं वरून पाहाल तितकं लवकर दिसतं.

आणि हे फक्त अनुभवाचं बोलणं नाही. भारतातले रस्ते आखणारे अभियंते चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर आहे असं धरतात. हा इंडियन रोड्स काँग्रेसचा संकेत आहे. चढाच्या माथ्यावर रस्त्याला किती गोलाई द्यायची हे त्यावरून ठरतं: १.२ मीटरवरच्या डोळ्याला माथ्यापलीकडे पडलेली १५ सेंटीमीटर उंचीची वस्तू वेळेत दिसली पाहिजे, म्हणजे ब्रेक लावायला अवसर मिळतो. आता हाच डोळा ९० सेंटीमीटरवर आणा. गणित करून पाहिलं तर तोच दगड आधी १०० मीटरवरून दिसत असेल, तर आता ९० मीटरवरून दिसेल. रस्त्यात काडीचाही बदल नाही, गाडीचा वेग तोच, फक्त चालकाचं आसन खाली गेलं आणि दहा मीटर हातातून निसटले. आपण रस्त्याला समोर पसरलेली वस्तू समजतो. प्रत्यक्षात त्याची वळणं आणि उतार कुणातरी बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या मापाने कापलेले असतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो.

मग कुणी मुद्दाम खाली का बसावं? याचं उत्तर घरी एका टेपने मिळतं. भिंतीला लावलेल्या खुर्चीवर ताठ बसा आणि डोक्याची जमिनीपासूनची उंची मोजायला सांगा. मध्यम उंचीच्या माणसाची सव्वा मीटरच्या पुढे जाईल. मग खुर्ची बाजूला सारून जमिनीवर, त्याच भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसा. डोकं खुर्चीच्या उंचीइतकं खाली आलं. पण टाचा मात्र बऱ्याच पुढे गेल्या. शरीर तेच, हाडं तीच. उंची वाचवली की लांबी द्यावी लागते, आणि लांबी वाचवली की उंची. मोटारीच्या आतली सगळी घासाघीस याच एका सौद्याभोवती चालते.

हा सौदा दोन टोकांना कसा झाला ते पाहा. एक टोक महाराष्ट्रातलं. पुण्यातल्या टाटा मोटर्सच्या संशोधन केंद्रात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने नॅनो घडवली आणि २००८च्या जानेवारीत ती दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. लांबी जेमतेम ३.१ मीटर, उंची मात्र १.६५ मीटर. माणसाला खुर्चीवर बसवावं तसं ताठ बसवलं, पाय खाली सोडले, इंजिन मागे ढकललं, आणि एवढ्याशा गाडीत चांगला उंच माणूसही डोकं न आपटता बसू लागला. या गाडीबद्दल बाकी काहीही म्हणा, बैठकीचं हे गणित फार हुशारीने सोडवलेलं आहे आणि त्याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालेलं नाही.

दुसरं टोक म्हणजे फोर्डची जीटी४०. नावातला ४० हा आकडा तिच्या उंचीचा: साधारण ४० इंच, म्हणजे मीटरभर. नॅनोपेक्षा तब्बल ६३ सेंटीमीटर बुटकी. इंजिन हिचंही चालकाच्या पाठीमागेच, पण कारण अगदी उलटं. नॅनोत ते मागे गेलं माणसाला जागा व्हावी म्हणून. जीटी४०मध्ये ते मागे गेलं वजन चाकांवर नीट पडावं आणि नाक हवेत सपाट घुसावं म्हणून. माणूस मग उरलेल्या पोकळीत जवळजवळ आडवा सरकवायचा.

या पोकळीत डॅन गर्नी हा अमेरिकन शर्यतपटू मावेना. गडी सहा फुटांहून चांगलाच उंच, त्यावर हेल्मेट. सीट आणखी खाली घ्यायला जागाच उरली नव्हती. तेव्हा फोर्डच्या माणसांनी उलट बाजूने मार्ग काढला आणि चालकाच्या डोक्यावर छपरालाच फुगवटा दिला. तोच फुगवटा घेऊन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी १९६७ची ल मां ही चोवीस तासांची शर्यत जिंकली. पाच हजार दोनशेहून जास्त किलोमीटर, सरासरी ताशी २१८ किलोमीटरने. हवेला चिरत जाण्यासाठी घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या अंगावर एका माणसाच्या डोक्याएवढा उंचवटा ठेवून. इटलीतल्या झागातो या कारखान्याने १९५०च्या दशकातच छोट्या फियाट-अबार्थ गाड्यांच्या छपराला असे दोन फुगवटे दिले होते, चालकासाठी एक आणि शेजाऱ्यासाठी एक. छप्पर बुटकंच ठेवायचं, फक्त डोकी आहेत तिथे उचलायचं.

तिसरा मार्ग पाठ मागे झुकवण्याचा. समजा खुब्यापासून डोक्यापर्यंत ९० सेंटीमीटर भरतात. पाठ २५ अंश मागे रेलली की ही उभी उंची साडेएक्याऐंशीवर येते, ४५ अंशांवर चौसष्टच्याही आत. पुढे पाहण्यासाठी मान पुन्हा वाकवावी लागते, म्हणून खरी बचत थोडी कमी. तरी ती मोठीच. १९६२च्या लोटस २५ या शर्यतीच्या गाडीत रचनाकार कॉलिन चॅपमनने चालक जिम क्लार्कला असंच आरामखुर्चीवाणी निजवलं होतं.

रोजच्या गाडीच्या मालकाला छप्पर फुगवता येत नाही. त्याच्या हाती फक्त सीट असते. कुठल्याही मोटारीच्या पुढच्या सीटखाली विजेरी मारून पाहा. जमिनीच्या पत्र्याला चार ठिकाणी बोल्ट, त्यावर दोन लोखंडी रूळ, रुळात सरकणारी दुसरी पट्टी, तिच्या दात्यांत अडकणारी खटकी, वर सीटचा सांगाडा, त्यावर साच्यात ओतलेला फोम आणि शेवटी कापड. खुब्यापर्यंत पोचायला हा एवढा थर. दोन बोटं कमी करायची तर याच थरातून चोरावी लागतात.

रूळ काढून सीट थेट पत्र्याला बसवली तर बरीच उंची मिळते, पण मग ती पुढे-मागे सरकत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला गाडी चालवता येत नाही. बारीक कवचाची शर्यतीची सीट बसवली तर फोमचा थर वाचतो आणि लांबच्या प्रवासात कंबर बोलू लागते. माझ्दाच्या एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारचे उंच मालक तिसराच उद्योग करतात: सीट सोडवतात, कापड धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या पक्कडीने उघडतात, खालचा फोम उघडा पाडतात आणि बसण्याच्या जागेतला थर धारदार सुरीने तासतात. दोनअडीच सेंटीमीटर मिळतात.

फोम तासण्यात एक सूक्ष्म फायदाही आहे, जो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अख्खी सीट खाली घेतली तर डोक्यामागची उशी तुमच्याबरोबरच खाली जाते. फोम कमी केला तर पाठ जागेवर राहते आणि तुम्ही तेवढे तिच्यात खाली सरकता. म्हणजे उंच माणसाच्या मानेपाशी अडकणारी उशी डोक्यामागे येते. मागून धक्का बसला तर मानेसाठी हे फार मोलाचं.

पण याच सुरीने घात होतो. सीटची पुढची कड मागच्या भागापेक्षा उंच असते ती केवळ मांड्यांना आधार म्हणून नाही. समोरून धडक बसली की शरीर पुढे झेपावतं. तो चढ नसेल तर माणूस कमरेच्या पट्ट्याखालून घसरतो आणि हाडावर बसायचा पट्टा पोटात रुततो. म्हणून कडेचा फोम कधीही तासू नये. काही गाड्यांत फोमखाली वजन ओळखणारी संवेदक चटई असते, काहींत पाठीच्या कुशीत एअरबॅग. सीटखालचे पिवळे जोड दिसले की ते एअरबॅगचे किंवा पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचे समजावेत आणि त्यांना हात लावू नये.

बोल्टांचीही तीच कथा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सीट जमिनीला धरून ठेवणाऱ्या जोडाने सीटच्या वजनाच्या २० पट ओढ सोसली पाहिजे. वीस किलोची सीट असेल तर चारशे किलोची. त्यात पट्ट्याचं कुलूप सीटलाच बसवलेलं असलं की माणसाचाही भार त्याच बोल्टांवर येतो. आपल्याकडे अशा चाचण्या पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत होतात. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था गाड्यांना मान्यतेसाठी तपासते. मूळ रूळ असे तपासून पास झालेले असतात. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानातून आणलेली पट्टी तशी नसते, कारागीर कितीही हुशार असला तरी.

एवढं करून गाडीला काय मिळतं? हजार किलोची गाडी आणि ऐंशी किलोचा चालक धरा. तो चार सेंटीमीटर खाली बसला तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य तीन मिलिमीटर खाली येतो. वळणावर गाडी तेवढी कमी कलते. तीन मिलिमीटर ऐकून हसू येईल, पण शर्यतीत याच मापांसाठी रात्री जागवल्या जातात. फॉर्म्युला वनमध्ये जड, उंच चालकांवर अन्याय होतो म्हणून २०१९ साली चालक आणि सीट मिळून किमान ८० किलो भरले पाहिजेत असा नियम करावा लागला. हलक्या चालकाला उरलेलं वजन सीटपाशीच वाहावं लागतं. आणि डोळ्याचा हिशोब? १.१ मीटरवरचा डोळा चार सेंटीमीटर खाली आला तर चढाच्या माथ्यावर १०० मीटरमागे सव्वा मीटरच्या आसपास दृष्टी कमी होते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हे परवडतं. आमच्या जंगलवाटेवर मी ते देणार नाही.

चंद्रपूर-नागपूरच्या शोरूममध्ये गाडी पाहायला जाणाऱ्या उंच पोरांना म्हणून माझं सांगणं असतं: आधी पाठ पूर्ण टेकवून बसा, सीट उंचीला हलते का विचारा, ती तळापर्यंत न्या, पाठ थोडी रेलवा, स्टिअरिंग जवळ ओढा. मग डोकं आणि छप्पर यांच्यात मूठ जाते का पाहा. शरीराचं प्रमाणही बघा. एकाच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड, आणि छताला टेकतो तो दुसरा. मूठ जात नसेल तर दुसरी गाडी बघणं सर्वांत स्वस्त. तीच हवी असेल तर कंपनीचीच खालच्या मापाची सीट किंवा रूळ मिळतात का ते विचारा, आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत चौकशी करा, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं.